युनिट ६१ चा एल्क टॅग लागलाय? आधी मांस गाडीपर्यंत कसं आणायचं ते ठरवा

कोलोरॅडोतल्या अनकंपाग्रे पठारावरचं युनिट ६१ (शिकारीसाठी आखलेला एक विभाग), पहिला रायफल हंगाम, नर एल्कचा (म्हणजे मोठ्या हरणाचा) टॅग, म्हणजे एक जनावर मारण्याचा परवाना, आणि तोही सोडतीच्या अवघ्या आठ पॉइंटवर! मनापासून अभिनंदन. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: एच-१बी व्हिसावर असताना रायफल बाळगता येते का, गाइड घ्यावा का, आणि एवढ्या मोठ्या पठारावर शोध कुठून सुरू करावा. आईला हे सगळं पटत नाही, असंही शेवटी लिहिलं आहे. सगळ्याला उत्तर देतो. पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तुम्ही विचारलेलाच नाही: जनावर पडल्यावर त्याचं मांस गाडीपर्यंत कसं येणार? बाकीचं नियोजन त्या प्रश्नाभोवती बांधा.

ज्यांना ही पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कोलोरॅडोत काही भागांतले काही टॅग सरळ विकत मिळतात. ६१ सारख्या युनिटमध्ये मात्र मोजकेच टॅग असतात आणि ते सोडतीतून मिळतात. अर्ज एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत भरायचा. नंबर लागला नाही तर एक पॉइंट जमा होतो, आणि पुढच्या सोडतीत जास्त पॉइंटवाला आधी. ज्या टॅगला दहा किंवा त्याहून जास्त पॉइंट लागतात, त्यांतले २० टक्क्यांपर्यंत टॅग किमान पाच पॉइंट असलेल्यांमधून नशिबावर काढले जातात. तुमचा टॅग त्यातलाच असणार. आता तुमचे पॉइंट शून्यावर आले, आणि हा टॅग पुन्हा कधी लागेल याचा भरवसा नाही.

म्हणूनच एक धोका आधी सांगतो. असा दुर्मिळ टॅग हातात आला की माणूस फक्त शिंगांचा विचार करू लागतो. फोटोत पाहिलेल्या शिंगांची वाट बघत दिवस निघून जातात, आणि पहिला रायफल हंगाम असतो जेमतेम पाच दिवसांचा. शेवटच्या संध्याकाळी घाईने, लांबून, भलत्या घळीत गोळी सुटते. तुमची ही पहिलीच एल्कची शिकार. पूर्ण वाढलेला नर, शांत उभा, कूस आपल्याकडे केलेला, आणि जिथून तो बाहेर काढता येईल अशा जागी दिसला, तर शिंगं मोजत बसू नका.

आता कायदा. नॉन-इमिग्रंट व्हिसावर (एच-१बी त्यातलाच) देशात आलेल्या व्यक्तीला बंदूक आणि काडतुसं बाळगायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे. या मनाईला काही अपवाद आहेत, आणि अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, चालू असलेला शिकार परवाना हा त्यातला एक. मनाई फक्त विकत घेण्यावर नाही, जवळ बाळगण्यावर आहे. त्यामुळे मित्राची रायफल घेऊन सरावाला गेलात तरी हाच नियम लागतो. परवान्याची मुदत कधी सुरू होते, कधी संपते आणि नंतर रायफल कोणाकडे राहील, हे इमिग्रेशन आणि बंदूक कायदा दोन्ही जाणणाऱ्या वकिलाला एकदा नक्की विचारा. इथे चूक झाली तर व्हिसाच जाऊ शकतो. वकिलाची फी त्यापुढे काहीच नाही. शिवाय १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हंटर एज्युकेशनचं, म्हणजे शिकारीच्या प्रशिक्षणाचं, प्रमाणपत्र लागतं. ते तुमच्याकडे आहेच. रायफलच्या हंगामात परवान्याबरोबर खिशात ठेवा.

शोध कुठून सुरू करायचा? अनकंपाग्रे पठाराचा माथा वायव्येकडून आग्नेयेकडे पसरला आहे आणि माथ्यावरून डिव्हाइड रोड जातो. त्या रस्त्याच्या पश्चिमेचा उतार म्हणजे तुमचं युनिट. वर नऊ-दहा हजार फुटांवर अ‍ॅस्पेन आणि स्प्रूस, मधल्या पट्ट्यात पाँडरोसा पाइन आणि ओकची दाट झुडपं, खाली पिन्यन-जुनिपरची माळरानं, आणि मग सॅन मिगेल व डोलोरेस नद्यांकडे तुटत जाणाऱ्या खोल दऱ्या. हा सगळा मुलूख १८८१ पर्यंत यूट लोकांचा होता. त्यानंतर त्यांना इथून हाकलून युटामध्ये नेलं. पठाराच्या नावातही त्यांचीच भाषा आहे, हे तिथे फिरताना मनात असू द्या.

अख्खं युनिट पाहायचा हव्यास धरू नका. हा कोरडा प्रदेश आहे, म्हणून पाण्यापासून सुरुवात करा. गुरांसाठी बांधलेली छोटी तळी, झरे, ओढ्यांचे उगम नकाशावर खुणा करून घ्या आणि जुलैत प्रत्यक्ष जाऊन बघा. नकाशातली निम्मीअधिक तळी कोरडी निघाली तरी फेरी वाया जात नाही. ज्यांत पाणी आहे त्यांच्या काठचा चिखल वाचा: खुरांचे ठसे, लोळणीचे खड्डे, जवळच्या झाडांवर शिंगं घासल्याच्या खुणा. सप्टेंबरच्या शेवटी पुन्हा एक फेरी मारा, कारण उन्हाळ्यातले नर आणि ऑक्टोबरमधले नर एका जागी नसतात. मॉन्ट्रोजच्या कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ (राज्याचं वन्यजीव खातं) कार्यालयात फोन करून त्या भागाच्या जीवशास्त्रज्ञांशी बोला. ‘एल्क कुठे आहेत’ असं विचारू नका. ‘यंदा पाण्याची स्थिती काय आहे, गुरं कधी खाली उतरवतात, पहिल्या हंगामात शिकारी कुठे गर्दी करतात’ हे विचारा. अशा प्रश्नांना ते आनंदाने आणि नेमकी उत्तरं देतात, हा माझा अनुभव आहे.

ऑक्टोबरच्या मध्यात माजाचा काळ ओसरत आलेला असतो. एखाद्या नराची आरोळी पहाटे ऐकू येईल, पण तिच्यावर विसंबू नका. मोठे नर महिनाभर लढून, उपाशी राहून थकलेले असतात. ते कळपापासून दूर, दाट झाडीत किंवा ओकच्या गचपणात, चारा आणि पाणी जवळ असेल अशा कोपऱ्यात एकटे पडून राहतात. माद्यांचा कळप उघड्यावर दिसला म्हणून तिथेच दिवस घालवू नका. पहाटे आणि संध्याकाळी अशा कोपऱ्यांच्या कडा दुर्बिणीने विंचरून काढा. वाऱ्याचं भान तर क्षणभरही सुटता कामा नये: पहाटे थंड हवा उताराने खाली वाहते, ऊन चढलं की वर. म्हणून सकाळी जनावराच्या खालच्या बाजूला राहायचं आणि ऊन तापल्यावर वरच्या.

आता मांसाचा हिशोब. मोठ्या नराचं वजन तीनशे किलोच्या आसपास असतं. हाडं काढून टाकली तरी साधारण नव्वद किलो मांस उरतं. धडधाकट माणूस त्या उंचीवर पाठीवर पंचवीस किलो नेऊ शकतो, म्हणजे चार फेऱ्या, डोकं वेगळं. गाडी पाच किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन चाळीस किलोमीटरच्या जवळपास चाल झाली, त्यातली निम्मी ओझ्यासह, आणि दरीत असाल तर चढावर. ऑक्टोबरमध्ये दुपारी ऊन कडक असू शकतं आणि एल्कचं जाड कातडं उष्णता आत कोंडून ठेवतं. कातडं लगेच काढून, चारही पाय, पाठीच्या पट्ट्या आणि मान वेगळी करून, जाळीच्या पिशव्यांत घालून सावलीत वाऱ्याला टांगलं नाही, तर हाडाजवळचं मांस काही तासांत खराब होऊ लागतं. खाण्याजोगं मांस रानात टाकून देणं कोलोरॅडोत गुन्हा आहे. तो नसता तरी मी हेच सांगितलं असतं: ज्याचा जीव घेतला त्याचं मांस वाया घालवायचा अधिकार आपल्याला नाही.

म्हणून आजच नकाशा उघडा आणि गाडी जिथपर्यंत कायदेशीर जाऊ शकते त्या प्रत्येक ठिकाणापासून दोन किलोमीटरचं वर्तुळ काढा. एकटे असाल तर त्याच्या बाहेर गोळी झाडायची नाही. दोन तगडे मित्र बरोबर असतील तर वर्तुळ वाढवा. फॉरेस्ट सर्व्हिसच्या (अमेरिकेच्या वनखात्याच्या) नकाशात दाखवलेल्या वाटा सोडून गाडी किंवा एटीव्ही (रानवाटांवरची छोटी चारचाकी) नेता येत नाही, मांस आणायलासुद्धा नाही. पाऊस किंवा बर्फ पडलं की तिथल्या मातीच्या रस्त्यांवर चारही चाकं रुततात. चाकांना लावायच्या साखळ्या आणि फावडं गाडीत हवंच. मध्ये खासगी जमीन असेल तर परवानगीशिवाय पाऊल ठेवू नका. कोलोरॅडोत मालकाने पाटी लावलेली नसली तरी परवानगी लागते.

याच हिशोबातून गाइडचं उत्तर निघतं. सार्वजनिक जमिनीवर शिकारीसाठी गाइड सक्तीचा नाही, आणि तुमच्याकडे जुलैपासूनचा वेळ आहे, तेव्हा शोधासाठी गाइडवर पैसे खर्च करू नका. त्याऐवजी घोडे-खेचरं घेऊन मांस वाहून देणारा माणूस आत्ताच ठरवून ठेवा. त्याची राज्याकडे नोंदणी आणि त्या जंगलात काम करण्याची परवानगी, दोन्ही विचारून घ्या. हंगाम सुरू झाल्यावर फोन केला तर कोणी मोकळं सापडत नाही.

तयारीबद्दल थोडंच. कोलोरॅडोची राजधानी डेन्व्हर १,६०० मीटरवर आहे, म्हणजे जवळजवळ कळसूबाईच्या माथ्याइतकं. तुमचा तंबू त्याच्याही हजार मीटर वर असेल. आतापासून पाठीवर वजन घेऊन चढावर चालायला लागा. नेमबाजीचा सराव टेबलावर नको. बसून, काठ्यांच्या आधाराने, धाप लागलेली असताना करा, आणि ज्या अंतरावर प्रत्येक गोळी हुकमी बसते तीच आपली मर्यादा माना. अंगावर ५०० चौरस इंच भडक केशरी किंवा गुलाबी रंग लागतो, टोपीही त्याच रंगाची. आणि हो, मांस वाहताना ते नराचं आहे याचा पुरावा, म्हणजे अंडकोषासारखा अवयव, नैसर्गिकरीत्या जोडलेला राहिला पाहिजे. कापताना घाईत तो निघून जातो, म्हणून कुठे सुरी लावायची नाही हे आधीच शिकून घ्या.

आईबद्दल. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली शिकारीला बंदी आहे आणि ती तिथे योग्यच आहे. इथली गोष्ट वेगळी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलोरॅडोत एल्क जवळजवळ संपले होते, तेही विक्रीसाठी केलेल्या बेबंद कत्तलीमुळे. वायोमिंगमधून आणून पुन्हा सोडले, शिकार मोजूनमापून दिली, आणि आज एल्कची संख्या सर्वांत जास्त याच राज्यात आहे. त्या कामाचा मोठा खर्च परवान्यांच्या फीमधून आणि १९३७ च्या कायद्याने वन्यजीवांच्या कामाकडे वळवलेल्या, रायफल-काडतुसांवरच्या ११ टक्के करातून चालतो. हे त्यांना सांगून बघा. तरीही पटलं नाही तर वाद घालू नका. त्यांच्या मनातली करुणा खोटी नाही.

शेवटचं, मांस घरी आल्यावर. डोकं किंवा लसिका ग्रंथी सीडब्ल्यूडी या, हरणवर्गातल्या जनावरांना होणाऱ्या मेंदूच्या जीवघेण्या रोगाच्या तपासणीला द्या, तुमच्या टॅगला ती सक्तीची असो वा नसो. हा रोग माणसाला झाल्याचं आजवर आढळलेलं नाही, पण रोगी जनावराचं मांस खाऊ नये असाच सल्ला आहे, आणि शिजवून त्यातला दोष जात नाही. निकाल येईपर्यंत पिशव्यांवर तारीख घालून फ्रीझरमध्ये ठेवा. एल्कच्या मांसात चरबी फार कमी असते. पाठीची पट्टी मोठ्या आचेवर झटपट करा, जास्त शिजली की चामट होते. नळ्यांचा मात्र सुका मसाला लावून मंद आचेवर तीन-चार तास रस्सा करा. बोकडाच्या मटणाची सवय असलेल्यांनाही तो आवडतो.

जुलैची फेरी झाली की कोणत्या तळ्यांत पाणी दिसलं आणि गाडी कुठपर्यंत गेली ते इथे लिहा. त्यावरून पाच दिवस कुठे बसायचं ते ठरवू.