पेट क्लिनिक : चॉकलेट खाल्लेला कुत्रा ‘ठणठणीत’ दिसतो तेव्हा

प्रश्न : आमच्या ८ किलोच्या स्पिट्झने दुपारी ६० ग्रॅम डार्क चॉकलेट फस्त केलं. शेजारी म्हणाले, मिठाचं पाणी पाजा. पण तो मजेत खेळत होता म्हणून आम्ही काहीच केलं नाही. रात्री उलट्या, धाप, सारखी लघवी. सलाइन लावावं लागलं, आता बरा आहे. पूर्वी आमच्या २५ किलोच्या लॅब्रॅडॉरने ४० ग्रॅम मिल्क चॉकलेट खाल्लं होतं, त्याला काहीच झालं नव्हतं. असं का?

उत्तर : मीठ पाजलं नाहीत हे उत्तम. त्याने रक्तातलं सोडियम वाढून वेगळाच जीवघेणा प्रसंग ओढवतो. चुकलं ते वाट पाहण्यात. चॉकलेटमधलं थिओब्रोमाइन (कॅफीनसारखं उत्तेजक द्रव्य, कुत्र्यांना विषारी) कुत्र्याच्या शरीरात निम्म्यावर यायलाच साधारण साडेसतरा तास लागतात. लक्षणं बहुधा ६ ते १२ तासांत दिसतात आणि उलटी काढण्याचा खरा उपयोग पहिल्या दोनेक तासांत, म्हणजे कुत्रा मजेत खेळत असतो तेव्हाच. हे काम डॉक्टरांचं. गुंगीत असलेल्या किंवा झटके येणाऱ्या कुत्र्याला उलटी करवली, तर ती फुप्फुसात जाऊ शकते.

दोन्ही कुत्र्यांचा हिशेब मांडू. थिओब्रोमाइन आणि कॅफीन मिळून मिल्क चॉकलेटमध्ये दर ग्रॅमला सुमारे २ मिलिग्रॅम, डार्कमध्ये ५ ते ६, कोको पावडरीत २० च्या वर. लॅब्रॅडॉरच्या पोटात गेले ८० मिलिग्रॅम, किलोमागे जेमतेम ३. स्पिट्झच्या पोटात ३०० च्या वर, किलोमागे सुमारे ४०. किलोमागे २० ला उलट्या-बेचैनी, ४० ते ५० ला हृदयाचे ठोके बिघडतात, ६० ला झटके. केकसाठी आणलेला कोकोचा डबा म्हणूनच सगळ्यात धोक्याचा. ५ किलोच्या कुत्र्याला १० ग्रॅमही भारी पडते.

पुन्हा असं झालं तर वजन, वेळ आणि किती खाल्लं ते फोनवर सांगा, वेष्टण सोबत न्या. त्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) किंवा मनुका लिहिलेल्या असतील, तर त्याही कुत्र्यांना विषारी असल्याने हा हिशेब बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठा. दूध-दह्याने हे विष उतरत नाही.

घरी आणल्यावर दर दोन-तीन तासांनी लघवीला न्या, कारण तुंबलेल्या लघवीतून थिओब्रोमाइन पुन्हा रक्तात शोषलं जातं. दोन-तीन दिवस तुपकट काही देऊ नका. चॉकलेटच्या चरबीने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, आणि ती व्हाइट चॉकलेटनेही येते.