मुलाला दुभाषा करू नकोस

बडोद्याच्या दांडिया बाजारात मुलांच्या समुपदेशनाचं क्लिनिक उघडते आहेस, फार बरं वाटलं गं. एकच पक्कं धर. आजी मराठीत बोलेल, नात शाळेतल्या गुजरातीत; मध्ये त्या पोरीला दुभाषा करू नकोस. मी सुरुवातीला केलं होतं. ‘मने बीक लागे छे’ (मला भीती वाटते) हे एक मुलगी मला म्हणाली, आजीला सांगताना नेमकं तेवढंच गाळलं, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. तेव्हापासून दोन्हीकडचं मीच सांगते आणि मुलांना अर्धा तास एकटं भेटते. गुप्ततेची मर्यादा पहिल्याच दिवशी दोन्ही भाषांत सांग: मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पोक्सो कायद्याप्रमाणे (२०१२) कळवावंच लागतं. रात्री-अपरात्रीसाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ घरच्यांना लिहून दे.