पायथन मॉड्यूलच्या दोन आवृत्त्यांतला फरक टर्मिनलवरून कसा बघायचा? गिटहबवर दोन टॅगमधला डिफ बघितला तर पुरेल का?

उत्तर: बदल समजून घ्यायला टॅगचा डिफ छान. पण अपग्रेड करण्याआधी तपासायचं असेल तर तो पुरत नाही, कारण सर्व्हरवर चढतं ते पॅकेज, रेपॉझिटरी नव्हे. मार्च 2024 मध्ये एक्सझेडचं (लिनक्सवर फायली कॉम्प्रेस करणाऱ्या टूलचं) प्रकरण उघडकीस आलं, तेव्हा हेच दिसलं. 5.6.0 आणि 5.6.1 मध्ये लपवलेला घातक कोड टेस्टच्या फायलींत होता आणि त्या गिटमध्येही होत्या. पण बिल्डच्या वेळी तो जागा करणारी एमफोर फाइल (बिल्डची स्क्रिप्ट) फक्त टारबॉलमध्ये, म्हणजे प्रकाशित केलेल्या सोर्सच्या गठ्ठ्यात होती.

म्हणून दोन्ही आवृत्त्यांची व्हील फाइल (पायथनचं तयार, बिल्ड केलेलं पॅकेज) 'पिप डाउनलोड'ने उतरवा. सोबत 'नो-डेप्स' द्या, नाहीतर सगळं गणगोत, म्हणजे डिपेंडन्सी (त्याला लागणारी इतर पॅकेजं), खाली येतं. 'ओन्ली-बायनरी' पण द्या. सोर्स पॅकेज असेल तर पिप नुसतं डाउनलोड करतानाही त्यातला बिल्डचा कोड चालवू शकतो. व्हील म्हणजे साधी झिप फाइल. दोन फोल्डरमध्ये अनझिप करा.

आधी 'डिफ' -आर -क्यू लावून चालवा. नुसती बदललेल्या फायलींची यादी येते, हजारो ओळी अंगावर येत नाहीत. मग -आर -यू आणि कॅपिटल एन. हा एन विसरलात तर नव्या फायलींचा मजकूर दिसतच नाही, "ओन्ली इन" एवढंच येतं. पॅकेजची माहिती ठेवणाऱ्या 'डिस्ट-इन्फो' फोल्डरच्या नावातच आवृत्तीचा आकडा असतो, त्यामुळे त्यातल्या फायलींची आपोआप जोडी लागत नाही. त्यातली 'मेटाडेटा' फाइल मात्र हाताने ताडून बघाच. 'रिक्वायर्स-डिस्ट'च्या ओळीत नवी डिपेंडन्सी गुपचूप आलेली असते, आणि मला तर कोडआधी तीच बघायची सवय आहे.

स्पेसचा गोंगाट घालवायला सगळे -डब्ल्यू (सगळ्या स्पेसकडे दुर्लक्ष) सुचवतात. पायथनमध्ये ते नको! एखादी 'रिटर्न'ची ओळ चार स्पेस आत सरकली, म्हणजे लूपच्या बाहेरून आत गेली, तर अर्थ पार बदलतो, आणि -डब्ल्यूला तो बदल दिसतच नाही. -बी पण तसलाच. ओळीच्या शेवटच्या स्पेस सोडायच्या असतील तर ग्नू डिफमध्ये कॅपिटल झेड आहे. सगळा कोड फॉरमॅटरमधून (कोडची मांडणी आपोआप बदलणाऱ्या टूलमधून) काढलेला असेल तर 'डिफ्टॅस्टिक' वापरा. ते ओळी नाही, वाक्यरचना ताडून बघतं.

रंगीत आउटपुट हवं असेल तर 'गिट डिफ' 'नो-इंडेक्स' पर्यायासह कुठल्याही दोन फोल्डरवर चालतं, रेपॉझिटरी लागत नाही. आत कंपाइल केलेल्या .एसओ फायली असतील तर 'डिफोस्कोप'. हळू आहे, पण खोलवर उकरतं. जावास्क्रिप्टवाल्यांचं बरं आहे, 'एनपीएम डिफ' थेट प्रकाशित पॅकेजच ताडतं.

हे स्क्रिप्टमध्ये घालणार असाल तर एक लक्षात ठेवा: फरक सापडला की डिफ 1 परत करतं, खरी अडचण आली तर 2. 'सेट -ई' (0 सोडून काही परत आलं की थांब) लावलेली स्क्रिप्ट पहिल्याच फरकाला बंद पडेल.