शाळेत लॅटिन-ग्रीक नसेल तर केंब्रिजला क्लासिक्सची (प्राचीन ग्रीस-रोमच्या भाषा-साहित्याची) पदवी करता येते का?

हो, येते. तिथे क्लासिक्सचे दोन मार्ग आहेत: ए-लेव्हलला (ब्रिटनमधली आपल्या बारावीसारखी परीक्षा) लॅटिन केलेल्यांसाठी ३ वर्षांचा, आणि लॅटिन जेमतेम किंवा अजिबात न येणाऱ्यांसाठी ४ वर्षांचा. विद्यापीठाच्या प्रवेश-अटींतच हे दिलंय. जादाच्या पहिल्या वर्षात मुख्यतः लॅटिन घोटून घेतात, ग्रीक त्यानंतर. ग्रीकची पूर्वअट दोन्हीकडे नाही. शाळेत संस्कृतच्या विभक्त्या पाठ केल्या असतील तर धक्का कमी बसेल: तिथे संबोधन धरून ८ होत्या, लॅटिनमध्ये ६च (क्रियापदं मात्र छळतात). फक्त वेग दांडगा असतो. शिवाय भारतातून जाणाऱ्याला चौथ्या वर्षाचीही फी परदेशी विद्यार्थ्यांच्या दराने भरावी लागते, तेव्हा तो हिशेब अर्ज करण्याआधीच मांडा.