दाळीचं पाणी पितंय, तरी लेकरू भरंना

“ताई, दाळीचं पाणी वाटी-वाटी पितंय, तरी लेकरू कामून भरंना?” मराठवाड्यात फिरताना हा प्रश्न मला बहुतेक वेळा आजीच विचारतात. दिवसभर बाळ त्यांच्याच मांडीवर असतं.

केज तालुक्यातली एक वस्ती, कापूस वेचणीचे दिवस. आई सकाळी अंगावर पाजून रानात जायची, ती दिवस मावळताना परत. नात ९ महिन्यांची, वजन ६.४ किलो. दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी पिवळ्यात, १२.१ सेंटिमीटर, म्हणजे मध्यम कुपोषण.

पहिल्या भेटीत मी चुकले. ६ महिने पुरे झाले की वरचं अन्न, आता दिवसातून ३-४ वेळा, २ वर्षांपर्यंत अंगावरचं दूध, सगळं एका दमात सांगून मोकळी झाले. आजी “व्हय, व्हय” म्हणत राहिल्या. अहो, त्या ३ वेळा भरवतच होत्या!

पुढच्या खेपेला स्वयंपाकाच्या वेळेला गेले आणि चुलीपाशीच बसले. आजींनी शिजलेल्या तुरीच्या डाळीवरचं निवळ पाणी नातीच्या वाटीत काढलं. खालची घट्ट डाळ मोठ्यांच्या वरणाला. मी म्हटलं, “आजी, चमचा बुडवा अन् वाकडा करून बघा.” सगळं पाणी खाली. मग खालची डाळ घेतली, ज्वारीच्या ताज्या भाकरीचा पापुद्रा काढून आतला मऊ भाग त्यात कुस्करला, वर चमचाभर तेल. आता चमचा वाकडा केला तरी घास चमच्याला धरून राहिला. आजींनी दोनदा करून बघितलं.

एवढ्याशा पोटात एका वेळी जेमतेम वाटीभर मावतं. ती जागा पाण्यानं भरली की भूक मरते आणि अंगी काही लागत नाही.

“पण घट्ट पचंल का? ती जिभेनं भाईर ढकलती.”

बोलता बोलता कळलं, आजींचं थोरलं लेकरू हगवणीत गेलं होतं. तेव्हापासून पातळ तेवढंच पचतं, ही भीती त्यांनी इतकी वर्षं सांभाळली होती. त्यावर “तसं नसतं” म्हणून उडवून लावणं मला जमलं नाही. मी त्यांचा हात धरून बसले. मग सांगितलं, हगवण घट्ट अन्नानं नाही, घाण हातानं, घाण पाण्यानं, सकाळचं उरलेलं संध्याकाळी दिल्यानं लागते. भरवायच्या आधी साबणानं हात धुवा, ताजं द्या. जिभेनं ढकलणं म्हणजे नको म्हणणं नव्हे. जिभेला आतापर्यंत चोखणंच ठाऊक. थोडं थांबून पुन्हा द्यायचं, बळजबरी नाही. गुठळी राहू द्यायची नाही, शेंगदाणा अख्खा कधीच नाही, बारीक कूट करूनच.

महिन्यानं वजन ६.७ किलो भरलं. पट्टी अजून पिवळ्यातच आहे, म्हणून दर महिन्याला अंगणवाडीत वजन करायचं ठरलंय. पट्टी लाल झाली, म्हणजे ११.५ च्या खाली गेली, किंवा दोन्ही पावलांवर सूज दिसली तर थांबायचं नाही, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचं, हे आजींकडून मी पुन्हा वदवून घेतलं.

चहात बुडवलेलं बिस्कीट मात्र अजून चालू आहे. तो विषय पुढच्या भेटीत, आई घरी असेल त्या दिवशी.