फोन अनलॉक करण्याआधी एवढं बघा

आधी फोन खरंच लॉक आहे का, म्हणजे एकाच मोबाइल कंपनीच्या सिमवर चालेल असा बांधलेला आहे का, ते बघा. दुसऱ्या कंपनीचं सिम घाला. नेटवर्क आलं तर प्रश्नच मिटला. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट इथे कॅरियर लॉकसमोर 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' दिसलं, तर तो मोकळाच आहे.

लॉक असेल तर *#06# दाबून १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, लिहून घ्या आणि ज्या कंपनीने तो लॉक केलाय तिच्याकडेच अर्ज करा. हप्ते किंवा बिल थकलं असेल तर ते आधी फेडा, नाहीतर अर्ज बहुधा तिथेच अडतो.

कंपनीकडून अनलॉकचा कोड मिळाला तर तो एकेक आकडा पडताळूनच टाका. अंदाजाने तर मुळीच नको! कित्येक फोनमध्ये मोजकेच प्रयत्न असतात. ते संपले की फोन कोड स्वीकारतच नाही. आयफोनला कोड लागत नाही, त्याचं अनलॉक ॲपलच्या सर्व्हरवर होतं. म्हणून 'आयफोनचा कोड विकतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका, कळकळीने सांगतोय. फॅक्टरी रीसेटच्याही नादी लागू नका. डेटा जाईल, लॉक तसाच राहील.

आणि हो, नव्या कंपनीचे फोरजी-फाइव्हजी बँड (नेटवर्कच्या लहरींचे पट्टे) तुमच्या फोनमध्ये आहेत ना, हे अर्जाआधीच तपासा.