ठरवून केलेल्या सिझेरियनमध्ये नेमकं काय होतं आणि नंतर सावरायला किती दिवस लागतात?

तुम्ही लिहिलंय की ३८वा आठवडा चालू आहे, बाळ पायाळू आहे, पुढच्या आठवड्यात सिझर ठरलंय आणि पहिलं बाळंतपण नॉर्मल झाल्यामुळे यातलं काहीच माहीत नाही. आत काय करतात, किती दुखतं आणि साडेतीन वर्षांच्या मोठ्या मुलीला पुन्हा कधी उचलता येईल, हे तुमचे तीन प्रश्न. माझी दोन्ही बाळंतपणं ठरवून केलेल्या सिझरने झाली आणि पहिलं बाळ तुमच्यासारखंच पायाळू होतं. मी डॉक्टर नाही. दोनदा अंगावर घेतलं आणि दुसऱ्या वेळी खोदून खोदून विचारलं, ते सांगते.

आधी तारखेबद्दल. ३९ आठवडे भरल्यावरची तारीख देतात त्याला कारण आहे. कळा न येता त्याआधी काढलेल्या बाळाला सुरुवातीला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते, कारण फुफ्फुसातलं पाणी पुरतं शोषलं गेलेलं नसतं. त्यामुळे अवघडलेपणाला कितीही कंटाळलात तरी 'दोन दिवस आधी करून टाका ना' असा आग्रह धरू नका. बाहेरून पोटावर हाताने दाब देऊन बाळ फिरवण्याचा प्रयत्न तुमच्या बाबतीत करता येईल का, हे अजून विचारलं नसेल तर आजच विचारा. सगळ्यांना ते चालत नाही, आणि जिथे करतात तिथे साधारण निम्म्या वेळा बाळ फिरतं. ऑपरेशनच्या दिवशी थिएटरमध्ये जाण्याआधी सोनोग्राफी करून बाळ अजून तसंच आहे ना, तेही बघायला सांगा. क्वचित शेवटच्या दिवसांत बाळ आपणहून डोकं खाली करतं. आणि ठरलेल्या तारखेआधीच कळा सुरू झाल्या किंवा पाणी गेलं, तर काही न खाता सरळ हॉस्पिटल गाठा.

उपाशी राहण्याचा नियम साधारण असा असतो: जेवण ६ ते ८ तास आधी बंद, साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. दूध घातलेलं काहीही जेवणातच धरतात. तुमच्या भूलतज्ज्ञांनी दिलेली वेळ वेगळी असेल तर तीच पाळा. अ‍ॅलर्जी, दमा, आधीचं एखादं ऑपरेशन, रक्त पातळ करणारी गोळी, हे सगळं त्यांना न विचारता सांगून टाका.

मला सगळ्यात जास्त भीती वाटत होती ती मणक्यातल्या इंजेक्शनची. बसवून हनुवटी छातीला टेकवायला सांगतात आणि पाठ मांजरीसारखी गोल करायला लावतात. नऊ महिन्यांच्या पोटासकट हे जमवणं हाच त्यातला अवघड भाग. आधी बारीक सुईने कातडी बधिर करतात, ती चुणचुणते. नंतरची सुई मला फक्त दाबल्यासारखी कळली. मिनिटाभरात पायांत ऊब पसरत गेली आणि मग पाय इतके जड झाले की हलवायचं म्हटलं तरी हलेनात. भूल पुरेशी चढल्याची खात्री केल्याशिवाय कुणी चाकूला हात लावत नाही. माझ्या पोटावर गार स्प्रे मारत भूलतज्ज्ञ वर वर सरकत विचारत होते, 'इथे गार लागतंय?' खांद्यापाशी लागलं, पोटावर नुसतं ओलं वाटलं. स्पर्श कळतो, दुखणं कळत नाही, हे तेव्हा मला नीट समजलं.

याच वेळी रक्तदाब खाली येऊ शकतो. पहिल्या वेळी मला एकदम मळमळलं, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि आता आपलं काही खरं नाही असं वाटलं. 'मळमळतंय' एवढं म्हणताच त्यांनी सलाईनमधून औषध दिलं आणि मिनिटाभरात ठीक वाटलं. तुम्हीही लगेच बोला, संकोच करू नका; भूलतज्ज्ञ त्यासाठीच उशापाशी असतात. लघवीची नळी बहुतेक ठिकाणी भूल चढल्यावर घालतात, त्यामुळे ती कळत नाही. टेबल किंचित डावीकडे कलतं ठेवतात, म्हणजे पोटाच्या भाराने मोठी रक्तवाहिनी दबत नाही. छातीपाशी पडदा असतो, त्यामुळे काही दिसत नाही.

छेद बहुतेक वेळा ओटीपोटाच्या तळाशी आडवा, १० ते १५ सेंटिमीटरचा असतो. सुरुवात झाल्यापासून बाळ बाहेर यायला साधारण ५ ते १० मिनिटं लागतात. या वेळात दुखत नाही, पण ओढाओढ जाणवते: गच्च भरलेल्या पिशवीच्या तळातली वस्तू खेचून काढावी तशी. शेवटी कुणीतरी बरगड्यांखाली जोरात दाबतं आणि श्वास कोंडल्यासारखा वाटतो. हे आधी माहीत नसेल तर माणूस घाबरतो, मीही घाबरले होते. दुसऱ्या वेळी तो दाब आला तेव्हा मला कळलं की आता बाळ बाहेर येतंय.

बाळ रडलं की सगळं संपलं असं वाटतं, पण वार काढणं आणि थराथराने टाके घालणं यात पुढचा अर्धा-पाऊण तास तरी जातो. मला या वेळात दात वाजतील इतकी थंडी भरली. हे खूप जणींना होतं आणि आपोआप थांबतं. बाळ आणि तुम्ही दोघंही ठीक असाल, तर टाके चालू असतानाच बाळाला छातीवर ठेवता येतं. नाळ कापण्याआधी निदान मिनिटभर थांबताही येतं. पण या दोन्ही गोष्टी आदल्या दिवशीच बोलून ठेवा. पहिल्या वेळी मी बोलले नव्हते. बाळ पडद्यावरून दाखवलं आणि घेऊन गेले, आणि मला ते पुन्हा दिसलं दीड तासाने. कुणाची चूक होती असं नाही, पण तो दीड तास आजही मनात रुतलेला आहे. दुसऱ्या वेळी आधी सांगितलं होतं, आणि तिचं ओलं डोकं माझ्या गळ्याशी होतं तेव्हा पडद्यापलीकडे टाके चालू होते.

पायाळू बाळाचे पाय पहिले काही दिवस वर दुमडलेले राहतात, ते बघून दचकू नका. मात्र अशा बाळांत खुब्याचा सांधा नीट न बसलेला असण्याची शक्यता जास्त असते, मग जन्म कसाही होवो. जन्मानंतरच्या तपासणीत खुबे बघितले ना, हे विचारा आणि साधारण ६ आठवड्यांनी खुब्यांची सोनोग्राफी करायची का, तेही विचारून ठेवा. वेळेत सापडलं तर उपचार सोपे असतात.

आता दुखण्याबद्दल. पहिल्या सिझरनंतर भूल उतरली तशी मला चांगलीच कळ लागली, पण मी गोळ्या घ्यायला टाळाटाळ केली. औषध दुधात उतरेल, बाळाला बाधेल, अशी भीती होती, आणि सहन होतंय तोवर सहन करावं असंही वाटत होतं. परिणाम असा झाला की मी खोल श्वास घेईना, खोकला दाबून धरी, कुशीवर वळायला घाबरे, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पलंगावरून उतरले नाही. बाळाला घेताना सगळं अंग ताठ. दूध यायलाही उशीर झाला. दुसऱ्या वेळी नर्सने मला समजावलं की पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दुधात अगदी नगण्य उतरतात आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला चालतात. (दमा, मूत्रपिंडाचा किंवा अल्सरचा त्रास असेल तर आयबुप्रोफेनबद्दल आधी डॉक्टरांना विचारायचं, आणि कोडीनसारखं जास्त जोराचं औषध आपल्या मनाने कधीच घ्यायचं नाही.) तिने घड्याळाकडे बोट दाखवून सांगितलं, 'दुखायची वाट बघू नका, वेळ झाली की घ्या.' त्याच दिवशी रात्री मी उभी राहिले. टाके तेवढेच, पोट तेच, फरक फक्त वेळेवर घेतलेल्या गोळ्यांचा. तुम्हाला माझ्याकडून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या.

पहिल्यांदा उठताना सरळ उठून बसू नका. गुडघे दुमडा, सगळं अंग एकदम कुशीवर वळवा, पाय पलंगाखाली सोडा आणि हाताच्या रेट्याने वर या. जवळ कुणीतरी हवंच, पहिल्या वेळी चक्कर येऊ शकते. वाकून चालावंसं वाटेल कारण टाके सुटतील अशी भीती वाटते. ते सुटत नाहीत, हळूहळू ताठ व्हा. खोकला, शिंक किंवा हसू आलं तर पोटाशी उशी दाबून धरा. उठणं महत्त्वाचं आहे कारण बाळंतपणानंतर, त्यातून सिझरनंतर, पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. काहींना त्यासाठी इंजेक्शनही देतात. लघवीची नळी साधारण पहिल्या दिवसभरात निघते. पोटात गॅस धरतो, तो टाक्यांपेक्षा जास्त छळतो आणि कधी खांद्यातही दुखतं, चालण्याने सुटतो. बाळ पाजताना पोटात कळा येतील, दुसऱ्या बाळाच्या वेळी त्या जास्त जोराच्या असतात. पिशवी आकसतेय, एवढाच त्याचा अर्थ.

अंगावरून जाणं सिझरमध्येही असतं, ४ ते ६ आठवडे, हळूहळू कमी होत. मला कुणी हे सांगितलंच नव्हतं. दूध एखाद-दुसरा दिवस उशिरा उतरू शकतं; तोवर थेंब थेंब चीक येतो, तो वाया घालवू नका, बाळाला वारंवार छातीशी घ्या. आडवं झोपून किंवा बाळाला काखेखाली धरून पाजलं की टाक्यांवर भार येत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कारण नसताना रडू फुटतं, तेही होऊ द्या. दोन आठवडे झाले तरी उदासी हटली नाही, किंवा बाळाबद्दल वा स्वतःबद्दल भलतेसलते विचार येऊ लागले, तर मात्र तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. घरात आणि डॉक्टरांना लगेच सांगा.

घरी साधारण २ ते ४ दिवसांत सोडतात. जखम रोज हलकेच धुवून टिपून कोरडी ठेवायची आणि आरशात बघायची, किंवा कुणालातरी बघायला लावायची. पोट खाली लोंबत असेल तर घडीतली ओल पुसायला विसरू नका, संसर्ग तिथूनच सुरू होतो. व्रणाभोवतीची जागा कित्येक महिने बधिर राहते. कायमच्या पाठदुखीचं खापर मणक्यातल्या इंजेक्शनवर फोडतात ते बरोबर नाही. टोचलेल्या जागी काही दिवस ठणकतं इतकंच, बाकी पाठ वाकून पाजण्याने आणि उचलण्याने धरते. एक मात्र खरं आहे: क्वचित त्या इंजेक्शननंतर असं डोकं दुखतं की बसलं की असह्य आणि आडवं झालं की कमी. त्यावर उपाय आहे, भूलतज्ज्ञांना कळवा.

हे झालं तर वाट न बघता हॉस्पिटलला जा: ताप ३८ अंश सेल्सियस किंवा वर, जखम लाल, गरम, पू किंवा वास येणारी, तासाला एक पॅड भिजेल इतकं अंगावरून जाणं किंवा त्याला घाण वास, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, छातीत दुखणं किंवा दम लागणं, जबरदस्त डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे चमकणं.

आणि मोठी मुलगी. नियम असा की साधारण ६ आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही, आणि साडेतीन वर्षांची पोर बाळाच्या चौपट तरी असते. माझा थोरला तेव्हा चार वर्षांचा होता. ऑपरेशनच्या आधीच आम्ही त्याला सांगून ठेवलं होतं की आईच्या पोटाला बाऊ होणार आहे आणि काही दिवस आई उचलणार नाही, पण तू वर चढून ये. पलंगाशी एक बुटकं स्टूल ठेवलं. तो चढून यायचा, माझ्या पोटावर उशी असायची आणि तो कुशीत. घरी आलो त्या दिवशी दारातून आत येताना बाळ मुद्दाम दुसऱ्याच्या हातात दिलं होतं, म्हणजे माझे दोन्ही हात त्याच्यासाठी मोकळे. मी खुर्चीत बसले आणि तो मांडीवर आला. हे पहिल्या दिवसापासून चालतं. उभ्याने उचलणं तेवढं थांबवायचं. मला सातव्या आठवड्यात, तपासणीत सगळं ठीक आहे म्हटल्यावर, ते जमलं. गुडघ्यात वाकून, त्याला आधी स्टुलावर चढवून. थोडं ओढलं, दुखलं नाही. स्टूल आजच शोधून ठेवा आणि तिला त्यावर चढायची सवय आतापासून लावा.